वाईट दिवसाच्या संध्याकाळी

चार वर्षांच्या माणसाचा दिवस कशानेही बिघडतो. बिस्किट दुधात मोडून तळाशी जातं. रोजची लाल वाटी घासायला पडलेली असते. बालवाडीत जिच्याशेजारी बसायचं ठरलेलं, ती मैत्रीण दुसरीकडे बसते आणि वर कट्टी घेते. घरी यावं तर आईच्या मांडीवर धाकटं भावंड. आपल्याला यातलं एकेक किरकोळ वाटतं, कारण उद्या वाटी घासून झालेली असेल आणि परवा कट्टीची बट्टी होईल, हे आपण कितीदा तरी पाहिलेलं आहे. लहान मुलाकडे ही शिल्लक नसते. त्याच्याजवळ आजचाच दिवस असतो, आणि तो तर वाईट गेलेला.

आपण विचारतो, ‘काय झालं?’ विचारणं मायेचंच, पण उत्तर त्याच्याजवळ नसतं. सकाळपासून साठत आलेलं सगळं संध्याकाळी चप्पल उलट्या पायात गेली म्हणून बाहेर पडतं. मूल हुंदके देत ‘चप्पल’ म्हणतं, आपण चप्पल सरळ करून देतो, आणि रडणं काही थांबत नाही.

इथे गोष्ट कामाला येते. ती मुलाला काही विचारत नाही. दुसऱ्याच कुणाचं तरी सांगू लागते.

मराठी घरात मुलाच्या कानावर पडणारी बहुधा पहिली गोष्ट चिऊ-काऊची. मऊ भाताच्या घासांबरोबर ती पोटात जाते, म्हणून ती किती दुःखाची आहे तिकडे आपलं लक्ष जात नाही. मोठा पाऊस येतो, कावळ्याचं शेणाचं घर वाहून जातं, तो भिजत चिमणीच्या दाराशी येतो, आणि दार उघडत नाही. आत चिमणीचं बाळ आहे, त्याची आंघोळ व्हायची आहे, तीट लावायची आहे, काऊनं थांबायचं. ज्या मुलाला दिवसभर ‘थांब हं, बाळाचं होऊ दे’ ऐकावं लागतं, त्याला हे दार चांगलं ठाऊक असतं. मेणाचं घर बांधणाऱ्या चिमणीचा शहाणपणा मोठी माणसं सांगत राहतात. मला वाटतं, मुलांनी ही गोष्ट जपली ती दाराबाहेर भिजणाऱ्या कावळ्यासाठी.

माझी भाची वाईट दिवशी नेमकी हीच गोष्ट मागते, आणि कावळा दाराशी आला की मध्ये पडते. ‘आता उघडलं!’ असं जाहीर करते. कधी काऊला गरम दूध देते, कधी चिऊला चांगलं रागावते. मी तिची गोष्ट दुरुस्त करत नाही. मनासारखं काहीच न घडलेल्या दिवशी निदान एक दार तिच्या सांगण्यावरून उघडतं, आणि याचं मोल मला फार वाटतं.

अमेरिकेतल्या ज्युडिथ व्हायोर्स्ट यांचं १९७२ सालचं एक चित्रपुस्तक आहे, अलेक्झांडर नावाच्या मुलाच्या अशाच एका दिवसाचं. सकाळी उठतो तर केसांत च्युइंगगम चिकटलेलं. भावांना न्याहारीच्या खोक्यात खेळणी मिळतात, त्याला मिळत नाही. दंतवैद्याला किडलेला दात सापडतो तोही याचाच. त्याला सारखं वाटतं, आपण ऑस्ट्रेलियाला निघून जावं. शेवटी आई एवढंच सांगते की काही दिवस असेच असतात, तिकडेही असतात. पुस्तक तिथे संपतं. बक्षीस नाही, आईस्क्रीम नाही, अलेक्झांडर रात्रीतून शहाणाही होत नाही. गोष्ट वाचून झाल्यावर ‘मग आपण काय शिकलो?’ असं विचारायची आपल्याकडची सवय मला म्हणूनच खुपते. मूल नुकतं कुठे कुणाच्या तरी शेजारी टेकलेलं असतं, आणि आपण त्याला पुन्हा वर्गात उभं करतो.

एकच पुस्तक सतरा वेळा मागतात, अशीही तक्रार असते. मागू द्यावं. आज काय काय होईल याचा भरवसा उडालेल्या मुलाला पुढच्या पानावर काय आहे ते पक्कं माहीत असतं, आणि ते तिथे असतंच.

मात्र रडणं भरात असताना पुस्तक उघडू नये. आधी पाणी, मांडी, भूक असेल तर पोळी आणि गूळ. निम्मे वाईट दिवस भुकेचे आणि अपुऱ्या झोपेचे असतात. मोबाइल हातात दिला की मूल गप्प बसतं खरं, पण आतलं तसंच राहतं आणि झोपायच्या वेळी पुन्हा वर येतं. त्यापेक्षा कणकेचा गोळा द्यावा. तो बुकलता येतो, त्याची चिमणी करता येते, ती मोडता येते, आणि कुणाला काही लागत नाही. जुनं वर्तमानपत्र टराटरा फाडायला द्यावं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालवाडी सुरू केली, तेव्हा महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे मुलांच्या हाती दिले. त्यांचा हेतू शिक्षणाचा होता. पण चिंचोके एका वाटीत आणि शिंपले दुसरीत लावत बसलेलं रुसलेलं मूल हळूहळू श्वास कसा सोडतं, हे कुणीही घरी पाहावं.

सगळ्यांत गुणकारी म्हणजे मटार सोलणं. त्यात एकमेकांकडे पाहावं लागत नाही. दोघांची नजर शेंगांवर असते, हात चालू असतात, आणि मध्येच, कुणी न विचारता, ‘ती माझ्याशी नाही बोलली’ हे वाक्य येतं. त्यावर उपाय सुचवायची घाई करू नये. ‘हो का? वाईट वाटलं असेल’ एवढं म्हणून पुढची शेंग उचलावी.

वाईट दिवस एकामागून एक येतच राहिले, मूल जेवेना, झोपेना, शाळेचं नाव काढताच पोट दुखू लागलं, तर मात्र गोष्टींवर विसंबून राहू नये. शाळेत जाऊन चौकशी करावी, डॉक्टरांना दाखवावं.

आणि आपला दिवस वाईट गेला असेल, तर तोही मुलापासून लपवू नये. ‘आज बाबाचाही दिवस बरा नव्हता’ हे त्याला कळलं तर बिघडत नाही. मोठ्यांनाही असं होतं आणि तरी ते रात्री जेवतात, दात घासतात, हे त्याला दिसायला हवं. कदाचित ते स्वतःचं पुस्तक आणून, अक्षरओळख नसतानाही, चित्रांवर बोट ठेवत तुम्हाला वाचून दाखवेल. तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवावं आणि शेवटच्या पानापर्यंत ऐकावं.