पात्यावरचं नाव

रंध्याचं पातं कितीही निरखून पाहिलं तरी त्याच्याबद्दलची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. पोलाद किती तापवलं, पाणी नेमकं केव्हा दिलं, नंतर मंद आचेवर ठेवून त्याचा ठिसूळपणा काढला की नाही, हे सगळं पात्याच्या पोटात राहतं. एक टक्क्याहून जास्त कर्ब असलेलं साधं पोलाद ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून पाणी द्यायचं असतं. भट्टीत ते त्याहून बरंच वर गेलं की आतले कण मोठे होतात. अशा पात्याला दगडावर धार छान चढते, पण लाकडात शिरली की ती बारीक बारीक तुकड्यांनी झडू लागते. सागवानात सिलिका असते, त्यामुळे सागवान तासताना धारेचा कस लवकर कळतो. पण तोवर पैसे देऊन झालेले असतात. म्हणून अवजार घेणारा सुतार लोहाराच्या नावावर विसंबतो. नाव म्हणजे त्याच्याआधी शेकडो हातांनी घेतलेल्या परीक्षेचा निकाल असतो. दुकानात निदान पातं उचलून पाहता येतं, पाठ सपाट आहे का ते पट्टी लावून तपासता येतं. मोबाईलच्या पडद्यावर फक्त फोटो आणि चार ओळींचं वर्णन, त्यामुळे तिथे नावावरचा भार कितीतरी वाढतो.

हातघडणीची अवजारं ऑनलाइन विकणाऱ्यांनी हे बरोबर हेरलं आहे. जपानी रंध्यांच्या आणि पटाशांच्या बाजारात हे फार स्पष्ट दिसतं. चियोझुरू कोरेहिदे (१८७४–१९५७) हे टोकियोचे लोहार. घराणं तलवारी घडवणाऱ्यांचं. १८७६ साली जपानमध्ये तलवार बाळगण्यावर बंदी आली आणि अशा कित्येक घराण्यांची विद्या सुतारांच्या अवजारांकडे वळली. मऊ लोखंडाच्या पाठीवर कठीण पोलादाचा पातळ थर भट्टीत सांधून केलेली चियोझुरूंची पाती आज संग्राहक जपून ठेवतात, आणि त्यांच्या सहीची नक्कलही झाली आहे. खोटी सही ही उघड फसवणूक असल्याने तिच्याबद्दल वाद नाही. मला अधिक काळजी वाटते ती सही न करता नाव वापरण्याची. वर्णनात लिहिलेलं असतं, ‘चियोझुरूंच्या परंपरेतलं’, ‘चियोझुरूंच्या तोडीचं’, ‘चियोझुरू वापरत त्याच प्रकारचं पोलाद’. यातलं एकही वाक्य सरळ खोटं ठरवता येत नाही. परंपरा म्हणजे काय ते कुणी ठरवलेलं नाही, तोड मोजायला माप नाही, आणि चांगलं पोलाद विकत घेणारे लोहार पुष्कळ असतात. छापावर हक्क सांगता येतो. अशा वाक्यावर सांगणं फार अवघड. आणि १९५७ साली गेलेला माणूस हरकत घ्यायला येत नाही.

हा रोग जुनाच आहे. नवव्या ते अकराव्या शतकातल्या युरोपीय तलवारींवर ‘उल्फबर्ट’ असं नाव सापडतं, आणि त्यातल्या काहींवर अक्षरांची अदलाबदल झालेली आहे, म्हणजे ते नाव दुसऱ्या कुणीतरी उचललेलं असावं. जर्मनीतल्या पासाऊच्या पात्यांवरची लांडग्याची खूण पुढे तिथल्याच झोलिंगेन शहरातल्या कारागिरांनी उचलली. पण मला सगळ्यात बोलका वाटतो तो इंग्लंडमधल्या शेफिल्डचा इतिहास. तिथल्या सुऱ्या-कात्र्या घडवणाऱ्यांचा संघ १६२४ साली कायद्याने स्थापन झाला, आणि प्रत्येक कारागिराची खूण नोंदवून ठेवणं हे त्याचं एक मुख्य काम होतं. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतून आलेल्या मालावर शेफिल्डची नावं सर्रास दिसू लागली, तेव्हा १८८७ साली ब्रिटनने कायदा केला: ब्रिटिश असल्याचा भास होईल अशी खूण असलेल्या परदेशी मालावर मूळ देश स्पष्ट लिहिला पाहिजे. त्यातून ‘मेड इन जर्मनी’ हे शब्द मालावर आले. हेतू होता गिऱ्हाइकाला सावध करण्याचा. काही दशकांतच ते शब्द चांगल्या मालाची ओळख बनले. झोलिंगेनचा लोहार शेफिल्डच्या नावाखाली विकत होता तोवर त्याची चांगली कात्री शेफिल्डची कीर्ती वाढवत होती. स्वतःचं नाव लावायची सक्ती झाली तेव्हा कुठे त्याचं काम त्याच्या खात्यावर जमा होऊ लागलं.

माझं म्हणणं नेमकं इथे आहे. उसन्या नावाने नुकसान होतं ते थोर कारागिराचं आणि फसलेल्या गिऱ्हाइकाचं, असं आपण धरून चालतो. सगळ्यात जास्त नुकसान होतं ते अवजार ज्याने खरोखर घडवलं त्या लोहाराचं. पातं चांगलं निघालं तर घेणारा म्हणतो, ‘शेवटी चियोझुरूंचीच परंपरा.’ वाईट निघालं तर म्हणतो, ‘नाव मोठं, लक्षण खोटं.’ दोन्ही वेळा ऐरणीपाशी काहीच परत येत नाही. लोहार सुधारतो तो तक्रारीतून: या तुकडीची धार झडते, त्या पटाशीची मान वाकते, पाठ जरा जास्तच पोकळ झाली आहे. ही तक्रार पोहोचायला गिऱ्हाइकाला त्याचं नाव माहीत असावं लागतं. विक्रेत्याने त्या जागी दुसऱ्याचं नाव ठेवलं की हा रस्ताच बंद होतो, आणि वीस वर्षं काम केल्यावरही त्या लोहाराची स्वतःची अशी पत तयार होत नाही. उद्या विक्रेता दुसऱ्या स्वस्त भट्टीकडे गेला तरी वर्णन तेच राहतं, आणि घेणाऱ्याला बदल कळतही नाही.

यावर एक रास्त आक्षेप येईल की कारागिरीत नावं नेहमीच पसरत आली आहेत. लोखंडी रंध्याला आजही ‘बेली’ नमुन्याचा म्हणतात, कारण लेनर्ड बेली यांनी एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत त्याची रचना घडवली. जेम्स क्रेनोव्ह (१९२०–२००९) यांनी लाकडी रंधा स्वतः कसा करावा ते पुस्तकांतून आणि वर्गांतून मोकळेपणाने शिकवलं. त्या घडणीला ‘क्रेनोव्ह पद्धती’ म्हणणं हा उलट त्यांचा मान आहे. मला हे पटतं. इथे नाव रचनेचं आहे, आणि रचना डोळ्यांना दिसते, तपासता येते. पाणी कसं दिलं ते मात्र दिसत नाही. म्हणून ‘क्रेनोव्ह पद्धतीचा रंधा’ हे वर्णन आहे आणि ‘चियोझुरूंच्या तोडीचं पातं’ ही हमी आहे, तीही हमी देण्याचा अधिकार नसलेल्या माणसाने दिलेली. ‘परंपरे’चं म्हणाल तर आपल्याला गाण्याच्या घराण्यांतून ती चांगली ठाऊक आहे. गंडा बांधून, वर्षानुवर्षं तालीम घेऊन जो गातो तो घराण्याचं नाव लावतो. ध्वनिमुद्रिका ऐकून गळ्यात फिरत बसवलेला लावत नाही, मग तो कितीही सुरेल असो. जपानमध्येही मिकी गावात सादाहिदे या लोहारांच्या घरात ‘चियोझुरू’ हे नाव गुरूकडून शिष्याकडे आलं आहे. तिथे देणारा आहे, घेणारा आहे, आणि नाव लावणाऱ्यावर ते सांभाळण्याचं ओझं आहे.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे, कारण तो गरिबीचा आहे. अनोळखी लोहाराचं नाव कुणी शोधत नाही; मोठं नाव वर्णनात असलं तरच वस्तू गिऱ्हाइकाच्या नजरेस पडते, आणि भट्टी पेटती राहते. या गरजेला मी हलकं लेखत नाही. पण नजरेस पडण्यासाठी जे लिहिता येतं ते तरी लिहिलं जातं का? पोलाद कोणतं, कडकपणा मोजला असेल तर किती आला, पाणी तेलात दिलं की पाण्यात, पातं कोणत्या लाकडावर चालवून पाहिलं आणि किती वेळाने दगडाची गरज भासली, दोष निघाला तर परत घेणार का. आणि या सगळ्याच्या आधी, हे घडवलं कुणी आणि कोणत्या गावात. मी कितीतरी वर्णनं अशी वाचतो की ज्यात सत्तर वर्षांपूर्वी गेलेल्या जपानी लोहाराचं नाव तीनदा येतं, आणि काल ज्याने घण मारला त्याचं एकदाही येत नाही.