पायवाट आणि चाकोरी

पन्हाळा

चि. ऋतुजास,

पन्हाळ्याजवळचं मसाई पठार पर्यटकांना पूर्ण बंद करावं असं निवेदन तुमचं मंडळ वन विभागाला देणार आहे, आणि त्यावर तू माझं मत मागितलं आहेस. त्यामागची कळकळ मला पटते, मागणी पटत नाही. पठाराचा घात माणसाच्या येण्याने तेवढा होत नाही, जेवढा त्याची गाडी वर येण्याने होतो. या दोन गोष्टी वेगळ्या केल्याशिवाय निवेदन देऊ नका.

मसाई म्हणजे जांभ्याचा सडा, सपाट उघडा कातळ. मातीचा थर कुठे बोटभर, कुठे तेवढाही नाही. पावसाळ्यात खळग्यांत पाणी साचतं आणि तेवढ्या ओलीवर गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू उगवतात, फुलतात, बी टाकून मोकळे होतात. आसवं आणि दवबिंदू तर किडे पकडून जगतात, इतकी ती जमीन निकस. जांभा सच्छिद्र असल्याने वर मुरलेलं पाणी कड्याखाली झऱ्यांतून बाहेर पडतं. हा डोंगर कासारी आणि वारणेच्या मधला, म्हणून एका अंगाचं पाणी कासारीतून पंचगंगेला मिळतं, दुसऱ्या अंगाचं वारणेला. ओल्या सड्यावरून जीप गेली की माती दबते, चाकोरीतून पाणी धावू लागतं आणि होती नव्हती ती माती कड्यावरून खाली जाते. ती पुन्हा साठायला लागणारा काळ माणसाच्या आयुष्यात मोजता येत नाही. शंभर माणसं मळलेल्या वाटेने गेली तर एक वाट तुडवली जाते. दहा गाड्या दहा वाटा पाडतात, कारण प्रत्येकाला फोटोसाठी थेट कड्यापर्यंत जायचं असतं.

मग सगळंच बंद का नको? कास पठाराकडे बघ. २०१२ साली पश्चिम घाटातली स्थळं जागतिक वारसा यादीत गेली, त्यात कासही होतं. गर्दी आवरायला तिथे तारेचं कुंपण घातलं. त्याने माणसं अडली, पण गुरांचं चरणंही थांबलं, उंच गवत माजलं आणि फुलं कमी झाल्याची तक्रार गावकरी व अभ्यासक दोघेही करू लागले. शेवटी कुंपण काढावं लागलं. उपयोगी पडलं ते वेगळंच: आसपासच्या गावांच्या वन समित्या, आधी नोंदणी, रोजच्या संख्येवर मर्यादा आणि शुल्कातून गावच्या पोरांना हंगामात काम. बंदीचा आणखी एक धोका तुम्ही धरलेला दिसत नाही. आपल्याच जिल्ह्यात शाहूवाडी-राधानगरीकडच्या सड्यांवर बॉक्साइटच्या खाणी झाल्या. ज्या सड्यावर कुणी फिरकत नाही तो पडीक म्हणून खपवणं सोपं असतं. पायी फिरणारे लोक हेच त्याचे साक्षीदार.

तुमच्याविरुद्ध पहिला आवाज उठेल तो पन्हाळा-पावनखिंड पायी मोहिमांचा. १६६० च्या आषाढात शिवाजी महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निसटले त्या रात्रीची ही वाट, तिच्यावर मर्यादा कसली, असं विचारतील. ही भावना मी हलकी मानत नाही. पण दर जुलैला ठरावीक दोन-तीन दिवसांत हजारो लोक नेमक्या ओल्या सड्यावरून जातात. त्याच मोहिमा महिनाभरात विभागल्या, मुक्काम पठाराऐवजी वाटेवरच्या गावांत ठेवले, तर इतिहासाचं काय बिघडतं? इथे एक सांगून टाकतो: पंचगंगेच्या प्रदूषणाचं खापर ट्रेकवाल्यांवर फोडू नका. नदी बिघडते ती मुख्यतः शहरांच्या सांडपाण्याने आणि उद्योगांमुळे. पावनखिंड मात्र कासारीच्या वरच्या अंगाला आहे. तिथल्या ओढ्यात पडलेली प्लास्टिकची पत्रावळ खालच्या गावाच्या पाण्यात जाते, एवढं म्हणणं पुरेसं आहे.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. गाड्या अडवल्या तर म्हातारे, अपंग यांनी मसाईदेवीचं दर्शन घ्यायचं कसं, आणि जीपवर पोट असलेल्यांनी काय करायचं? देवळापर्यंत एकच आखलेला मार्ग ठेवावा, त्यावर गावातल्याच मोजक्या गाड्या चालाव्यात, बाकीच्यांनी पठाराच्या तोंडाशी गाड्या लावाव्यात. वाहनतळाचा पैसा गावाकडे गेला तर काहींचं नुकसान भरून निघेल, सगळ्यांचं नाही. ते कबूल करूनच बोला.

नवा कायदा मागायची गरज नाही. मसाईच्या सुमारे सव्वापाच चौरस किलोमीटरला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळालेला आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ३६ ब प्रमाणे अशा क्षेत्रासाठी समिती असते, तीत ग्रामपंचायतींचे, वन्यजीव क्षेत्रात काम करणाऱ्या संस्थांचे, शिवाय कृषी आणि पशुसंवर्धन खात्यांचे प्रतिनिधी बसतात. म्हणजे चराई, वाट आणि गाडी, तिन्हींचा निर्णय एकाच टेबलावर होऊ शकतो. ही समिती फक्त सल्ला देते हे खरं, पण गावांनी मिळून दिलेला सल्ला वन विभागाला डावलणं जड जातं. आणि घाईचं कारणही आहे: जुलै २०२५ मध्ये पन्हाळा मराठा लष्करी भूप्रदेशाचा भाग म्हणून जागतिक वारसा यादीत गेला. गडावर येणारा पाहुणा उद्या मसाईची वाट विचारणारच.

तेव्हा निवेदनातला 'बंद करा' हे शब्द काढा आणि समितीची बैठक पावसाआधी मागा, कारण मोहिमांच्या तारखा आधीच ठरलेल्या असतात. सह्या घ्यायच्या त्या मात्र कोल्हापुरातून नव्हे, आधी वाटेवरच्या वाड्यांतून घ्या.

तुझा,
मामा