बाबांनी विचारलं, “रंग टिकतो का?”

इंदूरला आमचं रंगाईचं छोटंसं दुकान आहे. साडीवरचं ब्लाउजपीस, ड्रेसची ओढणी, साडीचा फॉल, जे आणाल ते बाबा मॅचिंग करून रंगवून देतात. मागच्या खोलीत जुनी लाकडाची भट्टी आहे. तिच्यावर पाणी उकळतं, धूर होतो आणि बाबा खोकतात. गेली दोन वर्षं मी त्यांच्या मागे लागले होते, “बाबा, गॅसची मोठी शेगडी घ्या.” शेवटी दिवाळीनंतर घ्यायचं ठरलं.

मी घरूनच कंटेंट रायटिंगचं काम करते. बी.ए. इंग्रजीत केलंय, त्यामुळे विज्ञानाशी दहावीनंतर फारसा संबंध आला नव्हता. पण मध्यंतरी ऑफिसकडून विषय आला, ‘कृत्रिम प्रकाशसंश्लेषण’. दोन दिवस वाचलं, लेख लिहिला. वरून शीर्षक दिलं गेलं, ‘झाडांची युक्ती माणसाच्या हाती! आता ऊन आणि पाण्यातून इंधन!’ लेखात ‘अडचणी’ असा एक परिच्छेद होता. लांबी जास्त होते म्हणून तो उडवला गेला. मीही काही बोलले नाही.

बाबांनी तो लेख सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. रात्री जेवताना म्हणाले, “बेटा, शेगडीचं जरा थांबवलंय मी. उगाच हप्ते कशाला? तुझं पाण्याचं इंधन येतंय ना आता!”

माझा घास हातातच राहिला.

“बाबा, ते अजून प्रयोगशाळेत आहे,” मी म्हटलं. मग त्यांनी सगळं नीट समजावून सांगायला लावलं.

मी सांगितलं, झाडाच्या पानात हिरवं रंगद्रव्य असतं, हरितद्रव्य. ते ऊन शोषतं. त्या ऊर्जेवर पान पाणी फोडतं, ऑक्सिजन बाहेर सोडतं आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन साखर बनवतं. शास्त्रज्ञांना साखर नको, इंधन हवंय. पाणी फोडून हायड्रोजन मिळाला, तर तो जाळल्यावर पुन्हा पाणीच होतं. धूर नाही.

१९७२ मध्ये जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइड वापरून, प्रकाशाच्या मदतीने पाणी फोडता येतं हे दाखवलं. हा तोच पांढरा पदार्थ, जो भिंतीच्या रंगात आणि कितीतरी टूथपेस्टमध्ये असतो. पण पांढऱ्या रंगाची अडचण अशी, की तो डोळ्यांना दिसणारं ऊन परतवून लावतो. त्याला फक्त अतिनील किरणं चालतात आणि उन्हात ती जेमतेम पाच टक्के असतात.

“मग त्याला रंगवायचं!” बाबा पटकन म्हणाले.

अगदी तेच झालं होतं. १९९१ मध्ये ब्रायन ओ’रेगन आणि मायकेल ग्रेट्झेल यांनी टायटॅनियम डायऑक्साइडच्या बारीक कणांवर रुथेनियम या धातूचं रंगद्रव्य चढवलं. ऊन पडलं की रंगाचा रेणू एक इलेक्ट्रॉन त्या पांढऱ्या कणाला देतो. त्यातून वीज मिळाली. पुढे अमेरिकेत थॉमस मेयर यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी ह्याच कल्पनेवर विजेऐवजी थेट इंधन करायचा मार्ग धरला. एका बाजूला पाण्यातून ऑक्सिजन निघावा, दुसऱ्या बाजूला हायड्रोजन.

बाबा जरा वेळ गप्प बसले. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, “तो रंग पाण्यात आणि उन्हात टिकतो का?”

मला एकदम लहानपणीची एक गोष्ट आठवली. एका ताईंची राणी रंगाची ओढणी मी गच्चीवर भर उन्हात वाळत घातली होती. दिवसभर तशीच राहिली. दुमडून वर आलेली बाजू फिकी पडली. बाबांनी त्यांना पैसे परत दिले आणि मला फक्त एवढंच म्हणाले, “रंग ऊन खातो, पण ऊनही रंगाला खातं. रंगलेलं कापड सावलीत वाळवायचं.”

उडवलेल्या परिच्छेदात नेमकं हेच होतं. पाण्यात राहून रंगाचे रेणू हळूहळू कणांवरून सुटतात. इलेक्ट्रॉन देऊन बसलेल्या रेणूला वेळेवर दुसरा मिळाला नाही, तर तो बिघडतो. कधी दिलेला इलेक्ट्रॉन कामाला लागण्याआधीच परत येतो. शिवाय रुथेनियम दुर्मीळ आणि महाग. जगभर ह्यावर काम चाललंय, पण घराघरांत पोचेल असं काही अजून तयार नाही.

“मग पानाचा रंग कसा टिकतो?” आईने विचारलं.

हे मला वाचून शोधावं लागलं. पानही उन्हाने झिजतं. पाणी फोडणाऱ्या यंत्रणेतलं एक प्रथिन उन्हात सारखं खराब होतं आणि पान ते सारखं नवं करत राहतं. कडक उन्हात तर दर अर्ध्या-एक तासाला! माणसाने बनवलेल्या पानाला ही दुरुस्ती अजून खऱ्या पानाइतकी जमलेली नाही.

बाबा हसले. “म्हणजे झाडही रोज दुकान उघडतं.”

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला मेल केला, तो परिच्छेद परत घाला म्हणून. परिच्छेद आला, शीर्षक मात्र तेच राहिलं. ग्रुपवर मी स्वतः लिहिलं, “काका, मावशी, हे खरं आहे, पण अजून वेळ आहे. गॅस बुक करत राहा.” सगळ्यांनी हसण्याचे इमोजी पाठवले.

त्याच आठवड्यात मी बाबांबरोबर जाऊन शेगडी घेतली. पहिला हप्ता माझ्या पगारातून गेला. मागच्या खोलीत आता धूर नाही. खोकला पूर्ण गेला नाही, पण रात्रीची झोप लागते.

परवा बाबा ओढणी सावलीत पसरताना म्हणाले, “त्यांचा रंग पक्का झाला की मला आधी सांग हं.”

सांगेन. पण यावेळी पूर्ण वाचून.