डिझेल गेलं कुठे?

वणीत ड्रायव्हरला चोर ठरवायला पुरावा लागत नाही. गाडीचा अ‍ॅव्हरेज पडला की झालं. हे मी गॅरेज टाकल्यापासून बघत आलो आहे, तरी त्या एका टिप्परचं प्रकरण आठवलं की अजून डोकं तापतं.

इथल्या कोळशाच्या खाणी सगळ्यांना माहीत आहेत. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या उघड्या खाणींतून रेल्वे सायडिंगपर्यंत टिप्पर दिवसरात्र पळतात. मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो आणि धूळ फिल्टरमध्ये मावत नाही. प्रकरण झालं तो टिप्परही त्यातलाच. गाडी सहा सिलिंडरची, टर्बोवाली. माझ्याकडे येण्याआधी दुसरीकडे तिचं फुल काम झालं होतं. लायनर-पिस्टन नवे, क्रँक ग्राइंडिंग केलेला, आणि व्हॉल्व्ह उघडणारे लोब झिजले होते म्हणून कॅमशाफ्टही नवा. गाडी सुरू झाली, आवाज चांगला आला, मालकाने पैसे दिले.

पण भरल्या गाडीने खाणीतून वर चढताना काळा धूर निघायला लागला. रात्री टर्बो लालभडक दिसायचा. लिटरला तीनच्या वर चालणारी गाडी अडीचवर आली. मालकाने साधा हिशेब केला: इंजिन नवं आहे, म्हणजे इंजिनात दोष नाही, मग डिझेल ड्रायव्हर विकतो.

तो ड्रायव्हर त्या गाडीवर जुना होता. त्याने स्वतःच सांगितलं की टाकीच्या झाकणाला सील लावा. सील लावलं. अ‍ॅव्हरेज तोच. मग मालकाने आपला पुतण्या केबिनमध्ये बसवला. पोरगा रात्रंदिवस सोबत राहिला, तरी अ‍ॅव्हरेज तोच. इथे तरी माणसाने थांबून विचार करायला हवा होता की नाही? पण निघालेला निष्कर्ष असा, की ड्रायव्हरने पोरालाही वाट्यात घेतलं. पुतण्याला घरी पाठवलं आणि कमी पडलेल्या डिझेलचे पैसे ड्रायव्हरच्या पगारातून कापले. पुढच्या महिन्यात पुन्हा कापले. सायडिंगवर, चहाच्या टपरीवर, काट्यावर बातमी पसरली. काटा म्हणजे जिथे गाडीचं वजन होतं ती जागा. तिथे रांगेत उभ्या असलेल्या ड्रायव्हरांना दुसरं काम काय? ज्याच्याशी काल विडी ओढली, तो माणूस आज याच्या गाडीजवळ आपला डबा ठेवायला बिचकू लागला.

तो गाडी घेऊन माझ्याकडे आला तेव्हा मालकाने टर्बो बदलून आणायला सांगितलं होतं. तो म्हणाला, "भाऊ, टर्बो बदलाचा तं बदला, पण पह्यले मले सांगा डिझेल जाते कुठं. मी थेंबभर नाई विकलं, लेकराची आन."

टर्बो उतरवला. शाफ्टला खेळ नव्हता, पंखे शाबूत होते. पंप टेस्ट बेंचवर लावला, कॅलिब्रेशन बरोबर. नोझल बरोबर. होज कुठे फुटलेला नाही, कॉम्प्रेशन उत्तम. अशा वेळी बरेच मिस्त्री पंपाचं डिझेल कमी करून धूर दाबतात. गाडी ओढत नाही, पण मालक खूश होतो. मी टॅपेट कव्हर काढलं, फ्लायव्हीलवर डिग्रीच्या खुणा केल्या, व्हॉल्व्हवर डायल गेज लावला आणि इंजिन हाताने फिरवलं. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह पुस्तकात दिलेल्या डिग्रीपेक्षा खूप उशिरा बंद होत होता आणि इनलेट खूप लवकर उघडत होता. कॅम बाहेर काढून टोकावरचा नंबर वाचला. तो त्याच इंजिनाच्या बिनटर्बोच्या मॉडेलचा होता. लांबी तीच, बेअरिंगची मापं तीच, गिअर तोच. बसतो अगदी चपखल. फरक फक्त लोबमध्ये.

हे नीट समजून घ्या. एक्झॉस्ट संपताना आणि सक्शन सुरू होताना दोन्ही व्हॉल्व्ह थोडा वेळ एकत्र उघडे असतात. तो ओव्हरलॅप. बिनटर्बोच्या इंजिनात बाहेर पळणारा धूर मागून ताजी हवा ओढून घेतो, म्हणून तिथे ओव्हरलॅप कामाचा. आल्फ्रेड ब्युची या स्विस इंजिनिअरने १९०५ मध्ये टर्बोचं पेटंट घेतलं, ते वाया जाणाऱ्या धुराच्या जोरावर हवा कोंबायला. पण त्यासाठी धुराच्या वाटेत टर्बाइन आलं, आणि धूर त्याच्यामागे तुंबतो. घराची दोन्ही दारं उघडी असली की वारा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे जातो, तसंच इथे. टर्बाइनमागे तुंबलेल्या धुराचा दाब बूस्टपेक्षा, म्हणजे कोंबलेल्या हवेच्या दाबापेक्षा, जास्त झाला की जळका धूर उलटा सिलिंडरमध्ये, कधी इनलेटपर्यंत येतो. पंप मात्र टर्बोच्या हिशेबाने डिझेल देत राहतो. हवा अपुरी, डिझेल पुरेपूर. ते डिझेल धुरातून आणि टर्बोच्या लालीतून गेलं. कोणी विकलं नव्हतं.

कॅमचा विषय निघालाच आहे तर, यवतमाळकडची कॉलेजची पोरं जिप्सीला किंवा जुन्या पेट्रोल गाडीला टर्बो लावायचा म्हणून येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, मोठा कॅम कोणता टाकू? कॅम सगळ्यात शेवटी ठरवायचा. आधी गाडी कोणत्या आरपीएमला चालवायची ते ठरवा, मग टर्बो, मग टर्बाइनच्या अलीकडे गेज लावून दाब मोजा आणि बूस्टशी ताडून बघा. पेट्रोलच्या टर्बो कॅममध्ये दोन लोबांच्या मध्यातला कोन साधारण ११२ ते ११६ डिग्री ठेवतात. कोन वाढला की ओव्हरलॅप घटतो. पट्ट्यावर चालणाऱ्या सुपरचार्जरची गोष्ट वेगळी. तिथे टर्बाइन आडवं येत नाही, म्हणून एक्झॉस्ट जास्त वेळ उघडा ठेवायला हरकत नाही. पण ओव्हरलॅप जास्त झाला तर कोंबलेली हवा सरळ सायलेन्सरमध्ये जाते. स्प्रिंगही बघा. ४५ मिलिमीटरच्या इनलेट व्हॉल्व्हला एक बार बूस्ट मागून सुमारे १६ किलोच्या जोराने ढकलतो. जुनी स्प्रिंग तिथे हरते.

त्या टिप्परमध्ये टर्बोचा योग्य कॅम, नवे टॅपेट घालून गाडी जोडली. धूर गेला, अ‍ॅव्हरेज परत तीनच्या वर आला. दोन्ही कॅम मालकासमोर ठेवले. त्याने पाहिले, मान हलवली आणि म्हणाला, "बरं झालं, टर्बोचे पैसे वाचले." ड्रायव्हरविषयी एक शब्द नाही.

आधी माझा सगळा राग चुकीचा कॅम बसवणाऱ्या मिस्त्रीवर होता. आता तो राहिला नाही. दुकानातून तेलकट कागदात गुंडाळून जे आलं ते त्याने बसवलं, आणि नंबर बघायला आपल्याकडे शिकवतंय कोण? मालकाचंही कधी पटतं; हप्ते थकले होते, खेपा बुडत होत्या. मग कापलेला पगार आठवतो आणि काहीच पटत नाही. ते पैसे त्याने परत केले नाहीत. ड्रायव्हर काम सोडून गेला. आता परजिल्ह्यात बोअरच्या गाडीवर आहे.

म्हणून गाडीमालकांना सांगणं आहे. टर्बो गाडीचं फुल काम काढलं तर जुना कॅम भंगारात देऊ नका. त्याचा नंबर नव्याशी जुळवा आणि बिलावर लिहून घ्या. आणि अ‍ॅव्हरेज पडला तर कोणाचा पगार कापण्याआधी टॅपेट कव्हर काढून व्हॉल्व्हचं टायमिंग तपासायला लावा.