तुराटी आणि धांडा

पातूरचा घाट चढून मेडशीच्या शिवारात आलं, की पावसाळ्यात जिकडेतिकडे सोयाबीन आणि मधूनमधून तुरीची तासं. ज्वारी आता शोधावी लागते. सापडलीच, तर तिचा एक धांडा आणि तुरीचं एक खोड विळ्यानं आडवं कापून पाहावं. माती एक, पाऊस एक. पण पोटातली मांडणी पार वेगळी.

धांड्याच्या कापावर ठिपकेच ठिपके, सालीकडे दाट, मध्ये विरळ. एकेक ठिपका म्हणजे नळ्यांची जुडी. सूक्ष्मदर्शकाखाली ती थेट माकडाचं तोंड दिसते: डोळ्यांच्या जागी दोन मोठ्या जलवाहिन्या, कपाळावर रसवाहिन्या. वनस्पतिशास्त्रातलं बाकी सगळं विसरतं, हे तोंड विसरत नाही.

तुरीचा कारभार शिस्तीचा. जुड्या गोलाकार मांडलेल्या. आत पाणी चढवणाऱ्या जलवाहिन्या, बाहेर पानांत शिजलेलं अन्न नेणाऱ्या रसवाहिन्या आणि दोघींच्या मध्ये एधा, दोन्हीकडे नव्या पेशी घालणारा पातळ थर. म्हणून तर तूर लाकूड धरते आणि तुराट्यांचे कूड उभे राहतात. धांड्याला हा थरच नाही. त्याचा शेवट कडब्यात. घाटातला सागही याच एधेच्या जिवावर दरवर्षी एकेक वलय चढवत जातो.

मात्र जी वाट पाण्याची, तीच मर रोगाची. ‘फ्युजॅरियम उडम’ ही बुरशी, बटलरनं १९१० साली वर्णन केलेली, मुळातून शिरते ती थेट जलवाहिन्यांत. झाडही गप्प बसत नाही. नळ्यांत डिंक, फुगवटे आणून तिला अडवू पाहतं, आणि त्यात स्वतःचंच पाणी तोडून बसतं. ऐन फुला-शेंगांवर आलेली तूर जमिनीत ओल असताना उभ्यानं वाळते. बुडापासून वर जांभळट पट्टा चढलेला असतो. तिथली साल सोलली, की खाली काळपट रेघा.

बदनापूरच्या ‘बीएसएमआर ७३६’सारखे वाण मरीला दाद देत नाहीत. आणि शेजारी ज्वारीची तासं असली की तुरीतली मर कमी होते, हेही प्रयोगांत दिसलेलं आहे. आमच्या आज्या-पणज्यांची पेरणी तशीच होती. आता ज्वारी परत पेरा म्हणणं सोपं आहे; पण पाखरं राखायला माणूस कुठून आणायचा आणि रानडुकरांचं काय करायचं, ते आधी सांगा.