तुझं की पेपरातलं?

छत्रपती संभाजीनगरच्या छावणीचा, म्हणजे कँटोन्मेंटचा, बाजार गुरुवारी भरतो. भाजी घेऊन झाली की मी पिशवी हातात धरून जनावरांच्या बाजूला एक चक्कर मारतोच. मला बैल घ्यायचा नसतो. घेतला तर बांधणार कुठं, स्कूटर लावायला जागा नाही. पण ते बघण्यात जी करमणूक आहे ती दुसरीकडं मिळत नाही. जुना शेतकरी आधी बैलाकडं बघतच नाही, धन्याकडं बघतो. कुठल्या गावचा, का विकतोय, मागच्या वर्षी कुणाकडून घेतला होता. मग जबडा उघडून दात मोजतो: दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला. खांद्यावर हात फिरवून जू घासल्याची खूण चाचपतो. चालवून बघतो. बसका आहे का, मारका आहे का, कुठली खोड लपवली आहे का. शेवटी दलाल मध्ये पडतो, हातांवर रुमाल येतो आणि रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरतो. इसार देईपर्यंत अर्धा दिवस गेलेला असतो.

मागे एकदा असा सौदा रंगात आलेला असताना घेणाऱ्याच्या खिशातला मोबाईल वाजला. त्यानं बैलाचा कासरा काखेत दाबला, व्हिडिओ बघितला, 'काय दिवस आलेत बघा' म्हणाला आणि अंगठ्यानं तो चार-पाच गटांना पाठवून दिला. सात-आठ सेकंद लागले असतील. मग पुन्हा बैलाचा जबडा उघडला.

त्याला हसायचा मला हक्क नाही. साखरेच्या आजारावरचा एक खात्रीचा पाला मीही कुटुंबाच्या गटावर पाठवला होता. माझ्या मेव्हण्याचं औषधाचं दुकान आहे. त्यानं फोन करून मला जे झापलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

तरीही चार म्हातारे जमले की विषय पोरांवर येतो. ही पोरं मोबाईलनं वाया गेली, यांना स्वतःचं डोकं नाही, रील सांगेल ते खरं. तीस वर्षं वर्गात खडू झिजवल्यावर मलाही हे वाक्य तोंडपाठ आहे. आमच्या शेजारचा एक मुलगा मात्र ते वाक्य पुरं करू देत नाही. एकोणीस वर्षांचा आहे, पोलीस भरतीची तयारी करतो, पहाटे पाचला पळायला जातो आणि येताना आमचं दूध घेऊन येतो. एका सकाळी दुधाची पिशवी हातात देतानाच त्यानं विचारलं, "काका, इराण-इस्रायलमध्ये तुम्ही कुणाच्या बाजूनं?"

मी चहा टाकला. त्याच्याकडं माहिती भरपूर होती. क्षेपणास्त्रांची नावं, कोण कोणाला तेल विकतं, कुठल्या देशाचा कुठला पुढारी काय म्हणाला. माझ्यातला मास्तर जागा झाला. म्हटलं, हे सगळं ठीक, पण आपल्या छावणी परिषदेत आपल्या वॉर्डाचा मेंबर कोण ते सांग.

तो गप्प. मी मनातल्या मनात मिशीला पीळ दिला.

"काका," तो थोड्या वेळानं म्हणाला, "आहे का कुणी?"

आणि मला आठवलं की नाही. कुणीच नाही. आमच्या भागात परिषदेची निवडणूक झाली ती जानेवारी २०१५ मध्ये. तेव्हा हा पोरगा चड्डीत पतंग उडवत होता. निवडून आलेल्या मंडळाला मुदतवाढी मिळत गेल्या, त्या फेब्रुवारी २०२१ मध्ये संपल्या. मग देशातल्या छावण्यांसाठी ३० एप्रिल २०२३ ही मतदानाची तारीख ठरली, इथं पोस्टरची जुळवाजुळव सुरू झाली आणि मार्चमध्येच अधिसूचना मागे घेण्यात आली. छावण्यांमधले नागरी भाग शेजारच्या पालिकांना जोडायचे, हे त्यानंतर चर्चेत राहिलं. तोवर कारभार तिघांच्या मंडळाकडं: लष्करी अधिकारी अध्यक्ष, मुख्य कार्यकारी अधिकारी आणि सरकारनं नेमलेला एक नागरिक. खाम नदीपलीकडच्या शहराची तऱ्हाही फार निराळी नव्हती. महापालिकेची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली, त्यानंतर पाच वर्षांहून जास्त काळ प्रशासकच होता.

म्हणजे ह्या मुलानं मतदानाचं वय गाठलं, तरी ज्या मताची पेटी त्याच्या गल्लीच्या तोंडाशी ठेवली जाते, ते मत त्याला अजून देता आलेलं नाही. दिल्लीसाठी देता येतं, मुंबईसाठी देता येतं. दिव्याचा खांब, नळाची वेळ, नाल्याचं झाकण यांच्यासाठी नाही. ह्या गोष्टींवर कुणाशी भांडावं, कुणाला दारात बोलावून 'मतं मागायला बरा आला होतास' म्हणावं, तो माणूसच नाही. मग मत बनवायची जी हौस त्या वयात असते, ती जाणार कुठं? ती तेहरानला जाते. तिथं मत दिल्यानं काही बिघडत नाही आणि काही सुधारतही नाही, पण मत असल्याचा आनंद पुरेपूर मिळतो. मोबाईलनं त्याचं डोकं पळवलं असं मी इतकी वर्षं म्हणत होतो. आता वाटतं, डोकं आधीच रिकामं बसवून ठेवलेलं होतं. मोबाईलला फक्त दार उघडं दिसलं.

छावणीला ऐकीव बातमीचं वावडं कधीच नव्हतं. १८५७ च्या जून महिन्यात इथं हैदराबाद कंटिन्जंटचं घोडदळ होतं. आपल्याला दिल्लीला नेऊन बादशहाविरुद्ध लढवणार, ही बोलवा तळावर फिरली आणि स्वारांनी बंड केलं. पुण्याहून जनरल वुडबर्नची फौज आली, पकडलेल्यांपैकी काहींना तोफेच्या तोंडी दिलं. काळ्या चबुतऱ्याची ती जागा म्हणजे आजचा क्रांती चौक. ती बोलवा निव्वळ बाजारगप्पा होती असं मी म्हणणार नाही, त्या वर्षी तसं घडणं अशक्य नव्हतं. मला त्यात दिसतो तो घोड्याला खरारा करणारा स्वार. आपल्याला कुठं नेणार, कुणाविरुद्ध उभं करणार, हे ठरवणाऱ्या खोलीत त्याला बसायला जागा नव्हती. त्याच्या वाट्याला आलं ते फक्त कानावर पडणं.

आता माझी गोष्ट. ही सांगायला मला जड जाते, म्हणून इतका वेळ बैलांत आणि घोड्यांत घालवला.

२७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. मी सतरा वर्षांचा होतो. आमच्या घरात, आमच्या आळीत, सकाळ पेपरानं व्हायची. वडील चष्मा लावून अग्रलेख मोठ्यानं वाचत आणि आई पोळ्या लाटता लाटता ऐके. आमच्या भागात पेपर म्हणजे काय होता हे आजच्या मुलांना सांगून पटणार नाही. आ. कृ. वाघमाऱ्यांनी 'मराठवाडा' सुरू केला तो निजामाच्या अमदानीत. बंदी आली की नाव बदलून काढायचा, पुन्हा बंदी, पुन्हा नवं नाव. ज्या घरांनी रझाकार बघितले होते, त्यांच्या लेखी तो छापील कागद म्हणजे आपलाच माणूस होता. पुढं अनंतराव भालेरावांनी त्याला जे वजन मिळवून दिलं, ते काही उगाच मिळालं नव्हतं. आणि त्याच पेपरानं नामांतराला विरोध केला. मराठवाड्याची अस्मिता, भावना, इतिहास असे शब्द होते. शब्द चांगले होते, भाषा घोटीव होती.

माझा एक शाळासोबती तेव्हा मिलिंदच्या वसतिगृहात राहायचा. छावणीतून नागसेनवन चालत पंधरा-वीस मिनिटांवर, त्यामुळं आम्ही रोज संध्याकाळी चहाला भेटायचो. बाबासाहेबांनी १९५० मध्ये उभं केलेलं ते कॉलेज आमच्या इतकं शेजारी, पण आमच्या घरातलं कुणी त्याच्या आवारात पाऊल टाकलेलं नव्हतं, हेही इथंच सांगून टाकतो. ठरावानंतरच्या एका संध्याकाळी मी बोलायला लागलो. मराठवाडा या नावामागं हुतात्म्यांचं रक्त आहे, नाव हे लोकांच्या भावनेचं प्रतीक असतं, वगैरे. चांगला पाच मिनिटं बोललो. ओघ असा होता की माझं मलाच कौतुक वाटत होतं. त्यानं कपातली शेवटची धार बशीत ओतली, पिऊन टाकली आणि विचारलं,

"हे तुझं की पेपरातलं?"

मी चिडलो. माझंच आहे म्हणालो. तो म्हणाला, "मग एक सांग. बाबासाहेबांचं तू काय वाचलंस?" काहीच नाही. एक पानही नाही. त्याच्या काखेत 'अस्मितादर्श'चा अंक होता, पानतावणे सरांचा. तो त्यानं टपरीच्या बाकावर ठेवला आणि निघून गेला. अंक माझ्यासाठी ठेवला की विसरला, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पुढच्या काही दिवसांत मराठवाड्यातल्या गावोगावच्या दलित वस्त्या जळाल्या, माणसं मारली गेली. मी काडी लावली नव्हती. मी फक्त घोटीव वाक्यं बोललो होतो, आणि ती वाक्यं तेव्हा हवेत इतकी होती की कुणाच्या तोंडची कुठली हे सांगता आलं नसतं. पेपरानं काय छापावं हा पेपराचा प्रश्न. ते माझं म्हणून मी बोललो, तो गुन्हा माझा. विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. साडेपंधरा वर्षं गेली. सोबत्याची आणि माझी भेट त्या टपरीवर पुन्हा कधी झाली नाही.

तेव्हा आमची पिढी स्वतःच्या डोक्यानं चालायची, हे मी कुणाच्या तोंडून ऐकलं की मला तो बशीतला चहा आठवतो. एक फरक मात्र होता आणि तो मी कमी लेखणार नाही. पेपर दिवसातून एकदा यायचा. वाचून झाला की तेवीस तास त्याला पुढचं काही बोलता यायचं नाही, आणि त्या तेवीस तासांत टपरीवर कुणीतरी तुम्हाला अडवू शकायचं. शिवाय पेपराच्या शेवटच्या पानावर तळाला संपादकाचं नाव, मुद्रकाचं नाव, पत्ता. धन्याला विचारता यायचं. रीलला असा तळ नाही. एक संपायच्या आत दुसरी सुरू होते, आणि दुसरी कुठली यावी हे मागच्या वेळी अंगठा कुठं रेंगाळला त्यावर ठरतं. तिला डावं-उजवं काही पडलेलं नाही, तुमचं थांबणं हवं असतं. माझा सोबती तिथं असता तर त्याचं तोंड मला दिसलंच नसतं. माझा अंगठा त्याच्यावर थांबला नसता.

न अडवलेला अंगठा काय करू शकतो हे दाखवणारा १ जुलै २०१८ चा रविवार मी अजून विसरलेलो नाही. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचं गाव आहे, तिथं त्या दिवशी आठवडी बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं भिक्षेसाठी आली होती. मुलं पळवणारी टोळी फिरते, असे निरोप आणि व्हिडिओ त्या आठवड्यांत फोनोफोनी चालले होते. देशभर फिरणाऱ्या त्यातल्या एका व्हिडिओचा उगम तर कराचीत होता: पालकांनी सावध राहावं म्हणून एका संस्थेनं केलेली ती फीत, शेवटी मुलाला परत आणून सोडतात तेवढा तुकडा कापलेली. बाजारात कुणाला तरी संशय आला. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेलं आणि तिथंच मारून टाकलं. त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढं पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. अंगठ्याला घातलेली वेसण म्हणून ते ठीकच आहे.

मला मात्र ती खोली छळते. बाजार भरलेला. चार गावची माणसं जमलेली, जनावराचा दात ओळखणारी. आणि खोली ग्रामपंचायतीची, जिथं ठराव होतात, दाखले मिळतात, जिथं 'थांबा, आधी विचारू या, कुठल्या गावचे ते' एवढंच म्हणायला कुणीतरी असायला हवं होतं.

शेजारच्या मुलाकडं परत येतो. त्याच्या बरोबरच्या काही पोरापोरींनी त्याला लोखंडी पुलाकडं नेलं. खामचं पात्र साफ करायचं काम २०२१ पासून तिथं चालू आहे. पालिका, छावणी परिषद, संस्था, नागरिक असे सगळे त्यात उतरले. आमच्या लहानपणी तिथून जाताना नाक दाबावं लागे. तो सुरुवातीला गेला तो रील काढायला, हे त्यानंच मला सांगितलं. गमबूट, हातमोजे आणि मागं संगीत. मग एकदा चिखलात उभं राहून त्याच्या लक्षात आलं की गेल्या शनिवारी काढलेला कचरा ह्या शनिवारी पुन्हा तिथंच आहे. तेव्हा तो काठाकाठानं उलटा चालत गेला. तिसऱ्या नाल्याशी थांबला. घाण तिथून येत होती. त्यानं तिचा व्हिडिओ टाकला, तो एकेचाळीस जणांनी बघितला. त्याच्या इराणच्या व्हिडिओला अकरा हजार होते. हे आकडे त्यानं मला चेहरा वाकडा करून सांगितले.

पण दुसऱ्या सकाळी दुधाची पिशवी देऊन तो घरी गेला नाही. ओट्यावर बसला.

"काका, अर्ज लिहायचाय. तो नाला नेमका कुणाचा ते विचारलं. अलीकडचे म्हणतात पलीकडच्यांचा, पलीकडचे म्हणतात अलीकडच्यांचा. मग मी स्वतःच मोजून आलो. मोरी आपल्या हद्दीत आहे, तोंड त्यांच्या." त्यानं वहीचं पान पुढं केलं. पेन्सिलनं नकाशा काढला होता. नदी, पूल, मोरी, बाण. पावलांत अंतरं लिहिली होती.

"हे कुठून घेतलंस?" मी विचारलं.

"कुठून म्हणजे? चाललो की."

मी कागद आणून दिला. आवक क्रमांक घेतल्याशिवाय परत यायचं नाही आणि एक प्रत आपल्याकडं ठेवायची, एवढं त्याला सांगितलं. मराठीत लिहू की इंग्रजीत, त्यानं विचारलं. मी म्हटलं, मराठीत लिही. तो वाकून लिहू लागला. डाव्या कोपऱ्यात 'प्रति,' असं टाकलं, खाली एक ओळ सोडली आणि पेन उचलून माझ्याकडं बघितलं.

"काका, इथं कुणाचं नाव घालू?"