हो म्हणणाऱ्या बाहुल्या

दिवाळीची झाडलोट निघाली, की आमच्या माळ्यावरून दरवर्षी एक तरी जुनी वस्तू खाली उतरते आणि तिच्यापायी घरातले सारे काम ठप्प होते. यंदा माझ्या मुलीची भातुकली उतरली. आईने तिला पाचव्या वाढदिवसाला दिलेली. पितळेची चूल, बोटभर तवा, सुपारीएवढी कळशी. मुलगी आता कॉलेजात जाते. तरी भांडी पुसता पुसता तिने तिथेच फतकल मारली, कळशीतून पेल्यात नसलेला चहा ओतला आणि तो माझ्यापुढे धरला.

"बाबा, साखर बरोबर आहे?"

"हो," मी म्हणालो. भातुकलीत दुसरे उत्तर नसतेच.

तुम्हाला थट्टा वाटेल, पण मी पोटासाठी जे काम करतो तेही थोडेबहुत भातुकलीचेच आहे. मी संगणकाचे प्रोग्रॅम लिहितो. (नातेवाइकांच्या मते मी प्रिंटर दुरुस्त करतो; पण तो वेगळा विषय.) प्रोग्रॅम म्हणजे एक मोठे एकत्र कुटुंब. त्यात शंभर माणसे आणि प्रत्येकाला एक ठरलेले काम. एखाद्याला घराबाहेर पाठवण्याआधी त्याची एकट्याची परीक्षा घ्यायची, असा आमच्या धंद्याचा रिवाज आहे. पण तो गडी एकट्याने उभाच राहत नाही. त्याला बँक लागते, टपाल लागते, गिऱ्हाईक लागते. परीक्षेपुरते खऱ्या गिऱ्हाइकाच्या खात्यातून पैसे काढून कसे चालेल? म्हणून त्याच्याभोवती आम्ही खोटी बँक, खोटे टपाल आणि खोटे गिऱ्हाईक मांडतो. या बाहुल्यांना आमच्याकडे 'मॉक' म्हणतात. २००० साली टिम मॅकिनन, स्टीव्ह फ्रीमन आणि फिलिप क्रेग या तिघांनी त्यांच्यावर एक निबंध लिहिला, आणि भातुकलीला शास्त्राची प्रतिष्ठा आली.

तीन वर्षांपूर्वी मी पार्सले पोचवणाऱ्या एका कंपनीचे काम करत होतो. पार्सलाला किती रुपये पडतील, हे सांगणारा एक छोटासा भाग मी लिहिला. त्याला वजनाखेरीज एकच गोष्ट हवी होती : पिनकोड. सहा आकडे. (हे सहा आकडे १५ ऑगस्ट १९७२ पासून आपल्या पत्त्यांवर आले आणि त्यामागची बुद्धी श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृत कवीची होती, हे आठवले की मला उगीचच बरे वाटते.) पण माझ्या भागाच्या हाती पिनकोड येत नसे, अख्खी ऑर्डर येई. ऑर्डरीच्या पोटात ग्राहक, ग्राहकाच्या पोटात पत्ता, पत्त्याच्या पोटात पिन. आम्ही ते टिंबे देऊन लिहितो : ऑर्डर, टिंब, ग्राहक, टिंब, पत्ता, टिंब, पिन. म्हणजे परीक्षेसाठी एक बाहुली पुरत नाही. बाहुलीत बाहुली, तिच्यात आणखी एक बाहुली, आणि सगळ्यांत आत ते सहा आकडे.

ही भाजणी भाजत होती, तेव्हा मी तिला हे समजावून सांगितले. तिने झारा थांबवला.

"म्हणजे चिमूटभर मोहरी हवी म्हणून तुम्ही पुठ्ठ्याचं घर बांधलंत, त्यात पुठ्ठ्याचं स्वयंपाकघर, त्यात पुठ्ठ्याचा मिसळणाचा डबा, आणि त्यात खरी मोहरी ठेवलीत?"

"अगदी तसंच."

"अहो, मग मोहरीच का नाही ठेवली त्याच्या हातावर?"

मी हसलो. हसायला नको होते.

आता या बाहुल्यांचा स्वभाव सांगतो. पायथन नावाची एक भाषा आहे. तिच्या २०१२ सालच्या आवृत्तीपासून या बाहुल्या भाषेबरोबरच मिळतात. त्यांतली 'मॅजिकमॉक' नावाची बाहुली मोठी लाघवी. तिला 'नाही' म्हणणे ठाऊकच नाही. तिच्याकडे ग्राहक मागा, ती तत्काळ दुसरी बाहुली काढून देते. त्या बाहुलीकडे पत्ता मागा, तिसरी. आत्याच्या नणंदेचे मांजर मागा, तेही हजर. 'खरे की खोटे?' असे विचारा, ती 'खरे' म्हणते. तिला आकडा विचारा, ती 'एक' म्हणते. तुझ्या पोटात किती वस्तू आहेत म्हणून विचारा, तर 'शून्य'! असले सद्गृहस्थ आपल्याही परिचयात असतात. प्रत्येक लग्नात ते पुढे असतात, प्रत्येक कामाला 'हो, हो, होऊन जाईल' म्हणतात, आणि आयत्या वेळी मांडवात सापडत नाहीत.

माझ्या बाहुल्या आयत्या वेळी अशाच उलटल्या. दिवाळी आठ दिवसांवर आली होती. परदेशातल्या मुलांना फराळ पाठवणाऱ्या आयांची नुसती झुंबड. अशात माझ्या एका सहकाऱ्याने पत्त्यातल्या 'पिन' या नावाचे 'पिनकोड' असे नवे बारसे केले आणि ते चार ठिकाणी बदलले. पाचवे ठिकाण माझे, ते राहिले. परीक्षा घेतल्या. सगळ्या हिरव्या, आमच्याकडे पास झालेल्या परीक्षेला हिरवा रंग असतो. होणार नाहीत तर काय? माझ्या भागाने बाहुलीला विचारले, "तुझा पिन?" तिने मी पूर्वी तिच्या तोंडात घातलेले सहा आकडे सांगितले. खऱ्या पत्त्यात 'पिन' नावाचे आता काही उरलेच नाही, हे तिला कोण सांगणार? संध्याकाळी तो प्रोग्रॅम खऱ्या जगात गेला आणि पहिल्याच खऱ्या पत्त्याशी अडून बसला. दोन तास एकही पार्सल नोंदवले गेले नाही. फोन घेणारी मुलगी रडकुंडीला आली. "माझ्या लाडवांचं काय झालं?" असे विचारणारी एक बाई तिला सोडीच ना.

रात्री चूक सापडली, एका शब्दाची. मग मी शहाणपणाची पाने उलटू लागलो. माणूस शहाणपण नेहमी चुकीनंतरच वाचतो. उपाय सगळे आधीपासून लिहून ठेवलेले होते. पहिला : बाहुली खऱ्या वस्तूच्या साच्यातून काढावी. तशी सोय आहे, तिला 'ऑटोस्पेक' म्हणतात. तिच्यातून निघालेली बाहुली मूळ वस्तूत नसलेली गोष्ट मागितली की ठाम नकार देते, आणि बाहुलीच्या आतल्या बाहुल्यांनाही ती शिस्त लागते. दुसरा : पत्त्यासारख्या साध्या गोष्टीची बाहुली करूच नये. खरा पत्ता लिहायला असा कितीसा खर्च येतो? आणि तिसरा तर हिचाच : मोहरी हवी तर मोहरीच हातावर ठेवावी. १९८७ साली बॉस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठात इयन हॉलंड यांनी याचा नियमच केला. त्यांचा प्रकल्प एका ग्रीक कृषिदेवतेच्या नावाचा. म्हणून तो 'डीमीटरचा नियम'. आपल्या निकटच्यांशी बोलावे. परक्याच्या पोटात हात घालून तिसऱ्याची वस्तू काढू नये, एवढाच त्याचा अर्थ. 'मोकिटो' नावाचे बाहुल्यांचे आणखी एक दुकान आहे. त्याच्या माहितीपत्रकात तर बजावलेच आहे, की एका बाहुलीने दुसरी बाहुली काढून दिली की दर वेळी कुठे तरी एक परी मरते.

हे वाचेपर्यंत नऊ वाजले. रविवार होता आणि आईला फोन करायचा राहिला होता.

आई तेव्हा चिपळूणला एकटीच राहत असे. आठवडाभर तिची खबर मी नागपूरच्या भावाला विचारी. तो शेजारच्या काकूंच्या मुलाला विचारी. मुलगा काकूंना आणि काकू आईला. भाऊ, टिंब, मुलगा, टिंब, काकू, टिंब, आई. तिकडून उत्तर येई, 'ठीक आहे.' आणि दर रविवारी मी स्वतः फोन करी. माझे प्रश्न ठरलेले.

"आई, बरी आहेस ना?"

"हो."

"गोळ्या घेतेस ना?"

"हो, हो."

"जेवलीस ना?"

"हो."

एरवी मी इथे फोन ठेवला असता. त्या दिवशी मात्र मनाला चटका बसलेला होता. मी सहज विचारले, "काय केलं होतंस जेवायला?"

"हो," आई म्हणाली.

माझ्या हातातला फोन जड झाला. मी जरा मोठ्याने म्हणालो, "आई, अंगणात वाघ आला होता का ग?"

"हो रे, सगळं ठीक आहे. तू काळजी करू नकोस."

दुसऱ्याच दिवशी मी एसटीत बसलो. कुंभार्ली घाट उतरेपर्यंत मला तिचे सगळे 'हो' आठवत होते. तिला ऐकू येईनासे होऊन वर्ष उलटून गेले होते. समोर बसले की ओठांवरून ती बरेचसे ओळखी. फोनवर ओठ कुठले? डॉक्टरांनी दाबाची गोळी बदलून दिली होती. ती एक घ्यायची की दोन, हे तिला नीट ऐकू आले नव्हते आणि पुन्हा विचारायचा संकोच वाटला. म्हणून ती घेतच नव्हती. कपाटात गोळ्यांची पाकिटे एकावर एक नीट रचून ठेवलेली होती, एकही न फोडलेली.

"सांगितलं का नाहीस?" मी तिच्यासमोर बसून विचारले.

"तुम्ही दोघं कामात असता. आणि तुला 'हो' ऐकूनच बरं वाटायचं."

यावर मी काय बोलणार? दोष तिचा नव्हताच. माझ्या प्रत्येक प्रश्नाच्या शेपटीला एक 'ना' होता. बरी आहेस ना, जेवलीस ना. हा 'ना' मोठा लबाड आहे. तो प्रश्न विचारत नाही. उत्तर तोंडात घालतो. बाहुलीच्या तोंडात मी सहा आकडे घातले, तसाच आईच्या तोंडात 'हो' घातला होता. मग दर रविवारी तेच उत्तर काढून घ्यायचे, आठवड्याची परीक्षा हिरवी म्हणायची आणि निर्धास्त झोपायचे. आईच्या जागी फोनच्या पलीकडे मी मनातली एक आई बसवून ठेवली होती. तिला कसलेच दुखणे नव्हते.

चिपळूणच्याच डॉक्टरांनी गोळ्या मार्गी लावल्या. महिन्याभराने कानाचे यंत्र आले. आता आई आमच्याकडेच असते. परीक्षा घेताना आता मी बाहुल्यांची रास रचत नाही. एखादी बाहुली लागलीच तर साच्यातूनच काढतो, आणि 'नाही' असेच उत्तर यायला हवे असा एक तरी प्रश्न आधी विचारून पाहतो. घरातही शेपटीचा 'ना' सुटावा म्हणून धडपडतो. अजून पुरता सुटलेला नाही.

यंदाच्या त्या भातुकलीचे एवढे सांगायचे राहिले. मला चहा दिल्यावर मुलीने दुसरा पेला आजीपुढे धरला. आईने तो दोन बोटांत उचलला, ओठांना लावला आणि खाली ठेवला.

"साखर बरोबर आहे, आजी?"

"नाही ग. पडलीच नाही. आणि जरा आलं घाल," आई म्हणाली.

"हो, घालते हं!" मुलगी मोठ्याने म्हणाली.

"ओरडू नकोस. ऐकू येतंय मला."